पापनाशमचं लक्कीकासू

आप्पांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसे. जेवायला मांडी घालून बसले तरी गुडघा हलत राही आणि समोरच्या केळीच्या पानाची कड त्याबरोबर थरथरे. सार भाताबाहेर वाहू लागलं की आई वाढता वाढता हात थांबवी आणि नुसती त्या गुडघ्याकडे बघे. तेवढ्यापुरता तो थांबे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. खाली रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. त्यामुळे आमच्या घरात दिवसभर अर्धवट बरे झालेले रेडिओ ऐकू येत. कधी त्रिची, कधी सिलोन, मध्येच नुसती खरखर. एखादं गाणं जरा कुठे कानात बसतंय तोवर खालचा माणूस काटा पुढे सरकवी. आप्पा त्या खरखरीत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत राहत. आठवडाभर ते कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढत. शाईनं बारीक निळ्या रेघा ओढायच्या, कावेरीचं पाणी कुठून कुठे जातं ते दाखवायचं, आणि स्वतः मात्र स्टुलावर बसून राहायचं. रविवार आला की या माणसाला कुणी सुटका झाल्याचं सांगितलं असावं, असं वाटे.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आमच्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी लोकांतल्या बायका तेव्हा फार तर शाळेत शिकवीत, गाणं शिकवीत. आई डोक्यावर हेडफोनचा काळा पट्टा चढवून बोर्डासमोर बसे, आणि गावातला जो कुणी फोन उचलेल त्याला पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू येई. तो आवाज घरच्या आवाजाहून निराळा होता, गुळगुळीत, कुठेही न अडकणारा. मी एकदाच तिच्याबरोबर तिथे गेले होते, आणि आपली आई अशीही बोलते हे ऐकून मला लाजल्यासारखं झालं होतं. तिच्या पाळ्या बदलत. पहाटेची पाळी असली की ती आदल्या संध्याकाळीच आमटी करून ठेवी, सकाळी फक्त फोडणीचा वास मागे सोडून जाई, आणि मी उठून पितळी डबऱ्यातली, खोलगट वाटीतली, निवलेली कॉफी पीत असे. या दोन माणसांतल्या एकाला जागेवरून हलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला जागेवर बसता येत नव्हतं. मी दोघांच्या मध्ये वाढले.

आप्पांच्या रविवारांना निमित्त मिळालं ते एका दिवाळीला. मोठ्या बाजारातल्या पितळी भांड्यांच्या दुकानातून आईनं एक तवली आणली. तिच्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी खुळखुळत होतं. आप्पांनी कागद उलगडला. आत ॲल्युमिनियमची एक चकती होती. तिच्या मधोमध तांब्याचा जुना कालणा, म्हणजे पाव आण्याचा पैसा, राजाच्या डोक्याचा, घट्ट बसवलेला. कालण्याभोवतीच्या पांढऱ्या कडीवर एका बाजूला दुकानाचं नाव तमिळ अक्षरांत, आणि दुसऱ्या बाजूला घोड्याची नाल, 'गुड लक' आणि खाली एक ओळ: मला जवळ ठेव, तुझा हात रिकामा राहणार नाही. आप्पांनी नखानं कालणा ढकलून पाहिला. हलेना. डिंक नव्हता, डाग दिलेला नव्हता. कडी आणि नाणं एकत्र यंत्रात दाबलं की कडीचा धातू पसरून नाण्याला आवळून धरतो, हे त्यांना पुढे कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी मात्र ते नुसतेच उलटसुलट करून बघत होते, आणि मला आठवतं, तेवढा वेळ त्यांचा पाय हलत नव्हता.

कासू म्हणजे तमिळमध्ये नाणं; आमच्या घरात त्याला लक्कीकासू म्हणू लागले. एकाचे चार झाले, चाराचा डबा भरला. जुने दुकानदार, लॉजवाले, सायकलवाले, तेलाच्या घाण्यांचे मालक, यांच्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी मद्रासहून अशी नाणी करून आणली होती, गिऱ्हाइकांना वाटली होती आणि विसरून गेले होते. कुणाची कडी घंटेच्या आकाराची, कुणाची पानाची, कुणाची चक्क किटलीची. काहींच्या मधल्या कालण्याला भोक असे, युद्धाच्या दिवसांतला तो भोकाचा पैसा. आप्पा दुकानदारांच्या खणांत, कपाटांमागे, देव्हाऱ्यात, जिथे म्हणून ही नाणी पडून असतील तिथे पोचत. आणि रविवारी त्यांच्याबरोबर मी असे. कापडी पिशवीत केळीच्या पानात बांधलेला चिंचेचा भात, तळलेले अप्पळम पापड, पाण्याचा तांब्या, आणि खिडकीजवळची जागा. बस सुटली की आप्पांचा चेहरा उजळे. मला त्या नाण्यांपेक्षा त्या उजळण्याचं वेड होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा विचारलं असतंत तर मी नाण्यांचंच म्हणाले असते. मी ती जिभेवर ठेवूनसुद्धा पाहिली होती. ॲल्युमिनियमची चव निराळी, तांब्याची निराळी.

(हल्ली मला पुण्याहून एका तरुणाचे व्हिडिओ कॉल येतात. त्याला माझा संग्रह हवा आहे. तो सांगतो की जगभर लोक ही नाणी जमवतात, अमेरिकेत तर गावोगावच्या बँका, बेकऱ्या, न्हाव्यांची दुकानंसुद्धा अशी नाणी वाटत असत. माझं मराठी ऐकून तो मध्येच हसतो आणि म्हणतो, आजी, तुम्ही जुन्या पोथीतून बोलल्यासारखं बोलता. मी पण हसते. आमची शाळा तमिळ होती, देवनागरी मी चाळिशी उलटल्यावर शिकले, तीही हट्टानं. म्हणून हे लिहिता येतंय. माझ्या मुलांना ते वाचता येणार नाही, हे ठाऊक असून लिहिते आहे.)

पापनाशमच्या भातगिरणीबद्दल आप्पांनी कचेरीतल्या कुणाकडून तरी ऐकलं. गिरणी सुरू झाली तेव्हा मालकाच्या वडिलांनी हत्तीच्या आकाराची लक्कीकासू केली होती, हत्तीच्या पोटात कालणा. हत्तीचं नाणं आमच्याकडे नव्हतं. तो आठवडा आप्पांनी घरात कसा काढला ते आम्हीच जाणतो. रात्रीच्या जेवणातून दोनदा उठून त्यांनी गाड्यांची वेळ बघितली. शनिवारी आई म्हणाली, "पोरीस ऊन लागतें. एकटे जावा की ह्या वेळीं." मीच ओरडले, "मी जातें! मला हत्ती बघायचा आहे!" मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि घरी बसायला सांगितलं तर माझ्याही पायात तेच सुरू होई.

रविवारी आईची दिवसाची पाळी होती. ती आमच्या आधी बाहेर पडली. आम्ही पॅसेंजरनं पापनाशमला उतरलो आणि चालत गिरणीवर गेलो. रविवार असूनही गिरणी चालू होती, कापणीचे दिवस होते. पट्ट्याचा धप धप धप आवाज, हवेत भुसा, आणि उकडलेल्या भाताचा तो जडसर गोड वास. मालक बाकावर पंच्यानं वारा घेत बसला होता. आप्पांनी तमिळमध्ये विषय काढला तसा तो मोठ्यानं हसला.

"हत्ती? अहो, माझ्या बापानं गोणीभर वाटले. आता एक उरला नाही. हां, एक आहे. आमच्या तविलवाल्याच्या ढोलाला बांधलेला. काल माझ्या पुतणीच्या लग्नात वाजवून गेला तो."

"गेला? कुठे गेला?"

"आत्ता गेला की. ताफा स्टेशनवर आहे, मायवरमच्या गाडीसाठी. सीर्काळीच्या बाजूला कुठल्या देवळात उत्सव आहे म्हणे."

लांबून इंजिनाची शिटी ऐकू आली. आप्पा उठले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुळजे, येथेंच बस. पांच मिनिटांत आलों." पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. ते धोतर सावरीत पळाले, आणि पळताना त्यांची पाठ इतकी तरुण दिसली की मला हसू आलं.

मी बाकावर बसून राहिले. शिटी पुन्हा झाली, मग गाडी सुटल्याचा आवाज आला आणि तो कमी कमी होत गेला. मला वाटलं, आता ते येतील, हात हलवीत, गाडी चुकली म्हणून चिडलेले किंवा हत्ती मिळाला म्हणून खुशीत. मालक जेवायला घरी गेला. हमाल सावलीत आडवे झाले. पट्टा थांबला आणि अचानक इतकी शांतता झाली की कानात भुसा गेल्यासारखं वाटलं. मी उठून रस्त्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. शेवटी सरळ स्टेशनवर गेले. फलाट रिकामा होता. एक पोर्टर नळावर तोंड धूत होता. मी विचारलं, तसा तो म्हणाला, "कापडी पिशवीवाले? चालत्या गाडीत चढले ते. मेळकाऱ्यांच्या, त्या वाजंत्र्यांच्या डब्यात. मी ओरडलो सुद्धा, पण ऐकतं कोण."

"परत येणारी गाडी?"

"ती संध्याकाळी."

कुंभकोणमला उतरून ते बसनं परत येतील, असं मी स्वतःला सांगितलं. कुंभकोणम काही लांब नाही. गिरणीवर परत येऊन मी त्याच बाकावर बसले. ऊन बाकावर आलं, बाकावरून माझ्या मांडीवर आलं. भूक लागली होती, भात आप्पांच्या खांद्याला होता. रडू येत नव्हतं. फक्त पाय हलत होता, आणि तो माझाच पाय आहे हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मालक परत आला. मला तिथेच बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाप आला नाही?" मी मान हलवली. आणि मग आतल्या टेबलावर काळा टेलिफोन आहे हे मला दिसलं. मी म्हटलं, मला फोन करायचा आहे.

"कुणाला? नंबर काय?"

"तंजावूर एक्स्चेंजला."

"पोरी, एक्स्चेंजला कुणी फोन करतं काय?"

"माझी आई तेथे बसते," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे जरा नीट पाहिलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे पापनाशमच्या ऑपरेटरचा पुरुषी, झोपाळू आवाज आला. मी म्हटलं, तंजावूर द्या. नंबर? नंबर नाही, तंजावूरच्या बोर्डावरची बाई द्या. तो काहीतरी पुटपुटला, एक खट्ट आवाज झाला, आणि मग कानाशी तो आवाज आला, गुळगुळीत, कुठेही न अडकणारा.

"तंजावूर."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"तंजावूर, बोला," ती तमिळमध्ये म्हणाली. मग पुन्हा एकदा, जराशा घाईनं.

"आई," मी म्हटलं. "मी."

 मग मराठीत, घरच्या आवाजात: "तुळजे? कोठें आहेस?"

"पापनाशमास. गिरणींत."

"आप्पा?"

"रेल्वेंत."

"कोण्या रेल्वेंत?"

"मायवरमच्या. तविलवाल्याबरोबर."

पापनाशमचा ऑपरेटर अजून लाईनवर होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळायला मराठी लागत नाही. आई म्हणाली, "जेवलीस?"

"नाही."

"सरी, बरें. तेथून हलूं नको. मी येतें. आतां मालकास दे फोन."

मालकानं रिसीव्हर घेतला आणि ऐकता ऐकता सरळ उभा राहिला, पंचा खांद्यावर नीट केला, "होय अम्मा, होय अम्मा," म्हणाला. फोन ठेवला तसा तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं मला पाटावर बसवून ताकभात वाढला, आणि मी जेवले तेवढा वेळ ती माझ्या पाठीवरून हात फिरवीत होती. तो हात मला नको होता. तिनं काही न विचारता, तिला सगळं कळल्यासारखं, मला वागवलं असतं तर बरं, असं वाटत होतं. पण विचारत मात्र ती राहिली, बाप काय करतो, पितो काय, आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणत राहिले.

आईनं त्या दुपारी काय केलं ते मला पुढे कळलं. बदली बाई येईपर्यंत तिला बोर्ड सोडता येत नव्हता. तेव्हा तिनं कुंभकोणमच्या ऑपरेटरला जोडलं, मग मायवरमच्या, मग सीर्काळीच्या. कामाच्या कॉलांच्या मधल्या फटींतून तिनं प्रत्येकाला सांगितलं: धोतर नेसलेला, उंच, खांद्याला कापडी पिशवी, तविलवाल्यांबरोबर. स्टेशनात कुणाला तरी विचारायला सांगा. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं फक्त आवाजानं ओळख असलेल्या त्या सगळ्या माणसांना एका दुपारी कळलं की तंजावूरच्या बाईचा नवरा पोरीला गिरणीवर सोडून गाडीत चढला. आईला चार लोकांत पदर खांद्यावरून सरकलेला चालत नसे. तिनं हे कसं केलं असेल, याचा विचार मी अजून करते. आप्पा कुणालाच सापडले नाहीत.

संध्याकाळी आई बसमधून उतरली. केस विस्कटले होते, डोक्यावरच्या पट्ट्याची खूण कानशिलांवर तशीच होती. तिनं मला जवळ बिवळ घेतलं नाही. मालकाच्या बायकोला नमस्कार केला, माझा हात धरला, आणि परतीच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "भ्यालीस?" मी म्हटलं, थोडी. ती म्हणाली, "मी पण." एवढंच आमचं बोलणं झालं. घरी आल्यावर तिनं वांग्याची रसवांगी केली, जी फक्त सणाला होत असे, आणि दोघींनी पोटभर खाल्ली.

आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम. आईनं मला खुणेनं आतल्या खोलीत जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. फटीतून मला त्यांची अर्धी पाठ आणि आईचा अख्खा चेहरा दिसत होता.

"मिळाला!" आप्पा म्हणाले. "अगे, काय सांगूं! पालखीबरोबर चालत राहिलों, त्यांचें तविल वाहिलें खांद्यावर. म्हातारा देईच ना. सकाळीं स्वतःच सोडून दिला हातांत, म्हणाला, इतका वेडा मनुष्य मी पाहिला नाही. हा बघ. सोंड बघ त्याची."

आईनं तळहातावरच्या त्या हत्तीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती शांतपणे म्हणाली, "तुळजा कोठें?"

आप्पांनी मागे वळून पाहिलं. खरंच वळून पाहिलं, जिन्याकडे, जणू मी मागून येतच होते. मग त्यांचा चेहरा मला दिसला. तो मी आयुष्यभर विसरलेले नाही. त्यात लपवाछपवी नव्हती, सबब शोधणं नव्हतं. पाण्यात पाय घातल्यावर तळ नाही हे कळावं, तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत होत गेलं. हत्ती जमिनीवर पडला आणि घरंगळत भिंतीशी गेला. ते जिन्याकडे धावले.

"थांबा," आई म्हणाली. "आंत आहे ती."

मी दार उघडून बाहेर आले. आप्पा माझ्याजवळ आले, पण मला हात लावायचं त्यांना धाडस होईना. खाली रेडिओवाल्यानं कुठलंसं स्टेशन लावलं, पुढे सरकवलं. आप्पा जमिनीवर बसले. म्हणाले, "मला आठवण झाली नाही, तुळजे. गाडींत नाही, तेथें नाही. आतां हिनें विचारलें तेव्हां झाली." ते खोटं बोलू शकले असते. कुंभकोणमला उतरायचं होतं पण गर्दी होती, निरोप पाठवला होता, काहीही. आईनंही कदाचित ते मानून घेतलं असतं. त्यांनी खरं सांगितलं, आणि ते ऐकायला फार वाईट होतं. हत्ती बघायची इच्छा मला त्या क्षणीही होती, हे पण तितकंच खरं आहे. मी भिंतीशी जाऊन तो उचलला. सोंडेवर तेलाचा काळा थर होता, वाजवून वाजवून कालण्यावरचा राजा पुसट झाला होता. मी तो बघितला आणि डब्यात टाकला. आईनं साडी नीट केली आणि ती कामाला गेली. पुढे कितीतरी दिवस त्या लाईनवरचे ऑपरेटर तिला विचारत असत, अम्मा, सापडले का? आणि ती त्या गुळगुळीत आवाजात सांगे, सापडले, आणि पुढचा नंबर जोडी.

त्यानंतर आप्पांनी रविवारचं फिरणं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. आणि ते दिवस आमच्या घरातले सर्वांत कठीण दिवस होते. ते कपाटं हलवीत, परत जागेवर लावीत. घड्याळ उघडून पुसत. खिडकीत उभं राहून गल्लीतून कोण जातंय त्याचं नाव घेत. माझ्याशी फार गोड बोलत, सारखं विचारत, काय हवें, काय आणूं, आणि मला ते सहन होईना. मी शाळेतून यायला उशीर करू लागले. राजवाड्याला एक वळसा, मग दुसरा. कुठे जायचं असं नसे, फक्त त्या खोल्यांत परतायचं नसे. आम्ही दोघं एकाच आजाराचे, आणि एकमेकांसमोर पथ्य पाळत बसलेले.

एका शनिवारी रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्यां मी ओरत्तनाडूस जातें. तेथल्या जवळीवाल्याच्या कापडदुकानांत घंटेचीं लक्कीकासू आहेत, आप्पांनी सांगितलें होतें."

आप्पांचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. "कोणाबरोबर?"

"एकटी."

"एकटी पोर? नाही गे. बस, बाजार, माणसें कशीं असतात..." ते आईकडे वळले. "तूं सांग हिला."

आई भाताचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "एकटीनें कसें रहायचें तें तिला ठाऊक आहे की."  मग ती मला म्हणाली, "चारच्या बसनें परत निघायचें. स्टँडवर आप्पा येतील न्यायला." आणि त्यांच्याकडे न बघता, "येतील ना?" आप्पांनी मान हलवली.

तो दिवस मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आकाशी पावाडै, म्हणजे परकर, आणि वर दावणीची ओढणी, पिशवी माझ्या खांद्याला, भात माझ्या पिशवीत. बस सुटली आणि दोन्ही बाजूंना कापलेली शेतं मागे पळू लागली तशी माझ्या छातीतली गाठ सुटत गेली. ओरत्तनाडूत मी बाजार पालथा घातला. कापडवाला म्हातारा होता, चष्म्यावरून बघत म्हणाला, "कुणी पाठवलं तुला?" मी म्हटलं, कुणी नाही, मीच आले. त्यानं हसत हसत गठ्ठ्यांमागचे खण उपसले, शिवणाच्या रिळांत, मोडक्या कात्र्यांत हात घातला, आणि एक घंटा काढून दिली. तिच्यातला कालणा सैल होता, बोटानं टिचकी मारली की गरगर फिरे. मी छत्रमच्या, तिथल्या धर्मशाळेच्या, पायऱ्यांवर बसून भात खाल्ला आणि तो फिरवत राहिले. मग आणखी एका सायकलवाल्याकडे गेले, मग एका लोहाराकडे, कुणी सांगितलं म्हणून पार वेशीपलीकडच्या घाण्यावर. चारची बस गेली. बाजारात दिवे लागले, आणि पेट्रोमॅक्सच्या त्या फुसफुसत्या उजेडात मला दिवसभरात पहिल्यांदा आई आठवली.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. आठवण झाली नव्हती. सकाळी बस सुटल्यापासून एकदाही नाही. आप्पांचा तो वळून बघणारा चेहरा माझ्याच चेहऱ्याच्या आत आहे असं वाटलं, आणि मी स्टँडकडे पळत सुटले.

तंजावूरला बस पोचली तेव्हा मी दारातच उभी होते. उतरून पाहिलं तर आप्पा नव्हते. चहाच्या गाड्या, हारवाल्या, घरी निघालेले लोक. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग रस्त्यापलीकडे, जमिनीवर गोणपाट पसरून जुनं भंगार विकणाऱ्या एका माणसापुढे मला त्यांची पाठ दिसली. उकिडवे बसलेले, टाच हलते आहे, हातात काहीतरी उजेडाला धरलेलं, आणि तावातावानं भाव करणं चाललेलं. तो भंगारवाला पुढे मला म्हणाला की ते दुपारपासून स्टँडवर होते, प्रत्येक बसच्या दाराशी जाऊन उभे राहत होते, आणि त्याच्याकडे नुकतेच येऊन बसले होते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. पण राग आला नाही. मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आप्पा, मी आलें."

त्यांनी वर पाहिलं.  डाव्या हातानं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मग भंगारवाल्याकडे वळून, उजव्या हातात ते नाणं नाचवीत, त्यांनी घासाघीस पुन्हा सुरू केली. ती बराच वेळ चालली, मोडली, पुन्हा जुळली. नाणं खिशात टाकून ते उठले आणि आम्ही घराकडे निघालो. गर्दीत लोक आमच्याकडे बघत होते, एवढ्या मोठ्या मुलीला हे गृहस्थ असे ओढत का नेताहेत म्हणून. मला हात सोडवून घेता आला असता. जिना चढून आईनं दार उघडेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.